पाच मिनिटं चाळीस सेकंद

"विद्याधर, जरा बाहेर थांबतोस?" सबनीसकाका म्हणाले.

मी हसून उठलो. सोमवारी साठ इस्पितळांबरोबर आमचा करार व्हायचा होता आणि शुक्रवारची ही बैठक त्याला मंजुरी देण्यापुरतीच आहे, असं मी धरून चाललो होतो. वाटलं, केक वगैरे मागवला असेल. दार ओढून घेताना मात्र एक गोष्ट खटकली. काका मराठीत बोलले होते. बैठकीत ते माझ्याशी कधीच मराठीत बोलत नसत. "इथे आपण दोघंच मराठी. बाकीच्यांना वाटेल, काहीतरी खलबतं चाललीत," असं त्यांनीच मला पहिल्या वर्षी बजावलं होतं.

खोलीच्या काचांना पडदे होते. ते आतून कोणीतरी ओढून घेतले.

वीस मिनिटांनी मला आत बोलावलं, तेव्हा माझ्या खुर्चीत कंपनीचे वकील बसले होते. त्यांनी एक कागद वाचून दाखवला. संचालक मंडळाचा माझ्यावरचा विश्वास उडाला आहे, आणि या क्षणापासून मी कंपनीचा अध्यक्ष नाही, कर्मचारीही नाही.

"कोणी ठरवलं हे?" मी विचारलं.

"मंडळानं. एकमतानं."

वकील सोडले तर टेबलाभोवती चारच माणसं होती. दोन अमेरिकन गुंतवणूकदार, सबनीसकाका आणि माझा भागीदार मिन्ह. एकमतानं म्हणजे मिन्हनंसुद्धा. मी त्याच्याकडे बघितलं. तो टेबलावर पालथ्या ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"मिन्ह, काय चाललंय?"

वकील म्हणाले, "त्यांना बोलायची परवानगी नाही. कृपा करून तुमचं ओळखपत्र इथे ठेवा."

मी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यावर माझ्या फोटोखाली कर्मचारी क्रमांक एक असं छापलेलं होतं.

ही १९९८ सालच्या एप्रिलमधली गोष्ट, सॅन होजेची. कंपनीचं नाव मी 'जागर' ठेवलं होतं. अमेरिकन लोक तिला 'जॅगर' म्हणत. रुग्णाच्या गळ्यात काडेपेटीएवढी डबी अडकवायची, ती त्याच्या हृदयाचे ठोके बिनतारी पद्धतीनं वॉर्डातल्या संगणकाकडे पाठवणार, आणि ठोके चुकले की नर्सच्या कमरेचा पेजर वाजणार, एवढंच आमचं यंत्र. मी इचलकरंजीचा. वडील यंत्रमागावर जॉबर होते. शिष्यवृत्ती मिळवून टेक्सासला आलो, मग कॅलिफोर्नियात नोकरी, आणि त्या नोकरीत शेजारच्या टेबलावर मिन्ह भेटला. तो वयाच्या अकराव्या वर्षी व्हिएतनाममधून होडीतून निसटून आलेला. बोलायचा कमी, पण त्यानं तपासलेल्या यंत्रात पुन्हा चूक सापडत नसे. आम्ही दोघांनी नोकऱ्या सोडल्या, आणि सबनीसकाकांनी आमच्या कंपनीत पहिले पैसे घातले. काका मूळचे बडोद्याचे, तिथल्या संगणकाच्या धंद्यात पंचवीस वर्षं मुरलेले. स्वतःची कंपनी विकून ते आता नव्या लोकांच्या कंपन्यांत पैसे घालत. माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी त्यांच्या हातात होती.

त्या माणसानं माझ्याविरुद्ध हात वर केला होता.

घरी पोचलो तेव्हा माझी बायको वृंदा लहानग्या ऋजुताला वरणभात भरवत होती. मला दुपारी बारा वाजता दारात बघून ती म्हणाली, "काय रे, बरं नाही का?"

"मला काढलं."

"कुठून?"

"कंपनीतून."

तिच्या हातातला घास तसाच राहिला. "तुझ्याच कंपनीतून? तुला?"

मी सगळं सांगितलं. सांगतानाच दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मी मधेच थांबलो. माझा व्हिसा कंपनीच्या नावावर होता. मीच काढलेल्या कंपनीनं मला नोकरीवर ठेवलं होतं, म्हणून आम्ही तिघं त्या देशात राहत होतो. ग्रीन कार्डाची फाइल अर्ध्यावर होती. नोकरी गेली की राहायचा हक्कही गेला.

"कारण काय सांगितलं?" वृंदानं विचारलं.

"काही नाही. मिन्हला माझी जागा हवी असेल. करार व्हायच्या आत मला बाजूला करायचं, म्हणजे सगळं श्रेय..."

"मिन्हला?" ती म्हणाली. "स्वतःच्या वाढदिवसाला केक कापायला पुढे येत नाही तो माणूस. काहीतरी दुसरं आहे. तू नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? माझा घात केलाय त्यांनी!"

मी इतक्या जोरात ओरडलो की ऋजुता रडायला लागली.

चार वाजता सबनीसकाका आले. एरवी दारातच बूट काढून ते थेट स्वयंपाकघरात शिरत. त्या दिवशी बूट घालूनच आत आले आणि सोफ्याच्या कडेवर बसले. वृंदानं पाणी दिलं. त्यांनी पेला हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"काका, तुम्ही?" मी म्हणालो. "त्या दोघांचं मी समजू शकतो. पण तुम्ही?"

"पहिला हात मीच वर केला," ते म्हणाले. "ते दोघं म्हणत होते, त्याचं म्हणणं तरी ऐकून घेऊ. मी म्हटलं, त्याचं म्हणणं लेखी आहे आपल्याकडे."

त्यांनी कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. "ओळखतोस?"

मी ओळखला. फेब्रुवारीतला चाचणीचा अहवाल होता, मिन्हनं लिहिलेला. खाली माझ्या अक्षरात एक ओळ होती: 'दुर्मिळ. जूनच्या आवृत्तीत बघू.' आणि माझी सही.

आता हे सांगायलाच हवं. फेब्रुवारीत मिन्ह माझ्याकडे आला होता. वॉर्डात एकाच वेळी फार रुग्णांचे इशारे आले तर संगणकात त्यांची रांग लागते, आणि त्या रांगेत एखादा इशारा मागे अडकून पडतो, असं त्याला चाचणीत दिसलं होतं. दहा हजारांत तीनदा. त्याचं म्हणणं, चालू असलेल्या चाळीस इस्पितळांना आजच कळवू, दुरुस्ती होईपर्यंत नवी यंत्रं थांबवू. मी म्हणालो, आता थांबवलं तर साठ इस्पितळांचा करार गेला. तो म्हणाला, जाऊ दे. मी म्हणालो, दहा हजारांत तीन म्हणजे काहीच नाही. तो टेबलापाशी बराच वेळ उभा राहिला होता. मी सही केली, कागद त्याच्या हातात दिला आणि फोन उचलला. दुसऱ्या दिवशी मी ते विसरूनही गेलो होतो. खरोखर विसरलो होतो.

"त्याचं काय?" मी काकांना विचारलं.

"नऊ मार्चला डोंगरापलीकडच्या व्हॅलीतल्या त्या लहान इस्पितळात, बेड नंबर चौदा. अठ्ठावन्न वर्षांची बाई. दुपारची वेळ, खोलीत दुसरं कोणी नाही. हृदय थांबलं. आपल्या डबीनं लगेच इशारा पाठवला. पेजर वाजला पाच मिनिटं चाळीस सेकंदांनी."

आत कपडे धुण्याचं यंत्र चालू होतं. त्याची घरघर मला अचानक फार मोठी ऐकू यायला लागली.

"गेली?"

"नाही. पळत आल्या नर्स, हृदय पुन्हा चालू केलं. पण तेवढा वेळ मेंदूला रक्त नव्हतं. आता बोलत नाही. कोणाला ओळखत नाही."

वृंदा भिंतीला टेकली.

"मिन्हला कधी कळलं?" मी विचारलं.

"मंगळवारी. यंत्रातल्या नोंदी तपासत होता. तडक माझ्याकडे आला. मी म्हटलं, आधी विद्याधरकडे का नाही गेलास? म्हणाला, एकदा गेलो होतो."

मग काकांनी दुसरा कागद काढला. हा लांबलचक होता, शेवटी सहीसाठी जागा सोडलेली.

"हे बघ. तुला दीड वर्ष सल्लागार म्हणून कागदोपत्री ठेवू. तोवर तुझं ग्रीन कार्ड होईल. तू या प्रकाराबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाहीस. मिन्हची दुरुस्ती तयार आहे, सोमवारपासून त्याची माणसं सगळीकडे जाऊन बसवतील. नेहमीची देखभाल म्हणून."

"आणि बेड चौदा?"

"त्यांची काही तक्रार नाही."

"तक्रार नाही? का?"

"नाही, एवढं खरं."

"त्यांना सांगणार आहात?"

काका बुटांकडे बघत म्हणाले, "दीडशे माणसं आहेत, विद्याधर. दीडशे घरं. उद्या संध्याकाळी मी कागद न्यायला येतो." उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच मागे घेतला.

ते गेल्यावर वृंदानं पहिला कागद उचलला आणि माझी ओळ दोनदा वाचली.

"सही तुझीच आहे?"

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही गं तेव्हा."

तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "तू त्या दुसऱ्या कागदावर सही केलीस तर मी तुला अडवणार नाही. पोरीची शाळा आहे, घर आहे, मला सगळं कळतं. पण आधी जाऊन बघून ये तिला. न बघता सही करू नकोस. एकदा केलीस तेवढी पुरे."

शनिवारी सकाळी मी गाडी काढली. डोंगर उतरून व्हॅलीत शिरलं की हवा बदलते. बदामाच्या बागा, आणि मग गाईंच्या गोठ्यांचा वास. त्या इस्पितळात वर्षभरापूर्वी मीच यंत्र बसवून दिलं होतं. मुख्य नर्सनं मला ओळखलं. तिला वाटलं, मी यंत्र तपासायला आलोय. बेड चौदाचं विचारल्यावर म्हणाली, "लूर्ड्स ना? तिला मागच्या इमारतीत हलवलंय. नवरा असेल तिथे. सकाळी गाईंचं आटोपलं की येतो, दिवसभर बसतो."

खोलीच्या दारातून आधी मला ती दिसली. केस कोणीतरी नीट विंचरून रिबिनीनं बांधले होते. डोळे उघडे होते, छताकडे लागलेले. छातीवर आमची डबी होती, निळ्या अक्षरांत 'जागर' लिहिलेली. पलंगाशेजारी एक दणकट म्हातारा तिच्या हातांना क्रीम चोळत होता, एकेका बोटाला.

"या, या," तो म्हणाला. "यंत्र बघायचंय? बघा. मी सरकतो."

मी सांगितलं की मी त्या कंपनीतला. तो लगबगीनं उठला, हात पँटला पुसले. त्याचं नाव मान्युएल. अझोर बेटांवरून एकोणिसाव्या वर्षी आलेला, गाई धुण्याच्या कामापासून सुरुवात करून आता स्वतःच्या दोनशे गाई. "तूही लांबूनच आलेला दिसतोस," तो म्हणाला. "कुठला?"

"इंडिया."

"मग तुला सांगायला हरकत नाही. या लोकांना नाही कळत हे." तो खुर्चीत बसला आणि मलाही त्यानं बसायला लावलं. "त्या दिवशी मी इथेच होतो. सकाळपासून. ती म्हणाली, मान्युएल, जा, कॉफी पिऊन ये, तुझे डोळे मिटतायत. मी गेलो. दहा मिनिटंसुद्धा नाही. परत आलो तर सगळे तिच्यावर वाकलेले. एक महिना झाला, मी रोज स्वतःला विचारतो, का गेलो मी कॉफीला? चाळीस वर्षं संसार केला, आणि नेमका त्या दहा मिनिटांत उठून गेलो." त्यानं तिच्या छातीवरच्या डबीला बोट लावलं. "हे जागं होतं. मी नव्हतो. हे वाजलं म्हणून ती आहे. कोणी बनवलं रे हे? त्याला माझा निरोप दे. त्याच्या नावानं मी दर रविवारी मेणबत्ती लावतो म्हणावं."

कदाचित माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल.

"तूच?" तो म्हणाला. "तूच बनवलंस?"

"मी आणि माझ्या मित्रानं."

त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याचे हात क्रीमनं ओशट झालेले, खरखरीत. आणि मला कळायच्या आत त्यानं वाकून ते कपाळाला लावले. मग पलंगाकडे वळून आपल्या भाषेत काहीतरी बोलला. त्यात तिचं नाव होतं. मला दाखवत होता तो तिला.

तेव्हा ते माझ्या तोंडून बाहेर पडलं. मी ठरवून आलो नव्हतो. बघून येतो, एवढंच वृंदाला म्हटलं होतं.

"ते उशिरा वाजलं," मी म्हणालो.

"काय?"

"यंत्र. तिचं हृदय थांबल्याबरोबर वाजायला हवं होतं. पाच मिनिटं चाळीस सेकंद उशिरा वाजलं. यंत्रात दोष होता. मला फेब्रुवारीपासून माहीत होतं. मी दुरुस्ती पुढे ढकलली. तुम्ही कॉफीला गेलात म्हणून नाही हे झालं."

त्याच्या हातांत माझे हात तसेच होते. त्यानं ते सोडले नाहीत, झटकलेही नाहीत. कोणीतरी अनोळखी भाषेत पत्ता विचारावा तसा तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं हात हळूच खाली ठेवले, माझ्याच मांडीवर.

"माझं इंग्रजी कच्चं आहे," तो म्हणाला. "मला नीट समजलं नसेल. माझी मुलगी तीनला येते. ती इथेच शिकली. तू थांब. तिला सांग."

"मी पुन्हा सांगतो, हळू..."

"नाही. तिला सांग. थांब."

अकरा वाजले होते. मी थांबलो.

त्या चार तासांत काय काय माझ्या मनात आलं ते सांगण्यात अर्थ नाही. उठून गाडीत बसावं, हेही आलं. पुढे जे झालं ते सगळं त्या खोलीतून निघालं. संध्याकाळी मी कागद सही न करता सबनीसकाकांना परत दिला. त्यांनी तो घेतला आणि त्यानंतर मरेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. खटला उभा राहिला, मी दोन दिवस साक्ष दिली. चाळीस इस्पितळांतून यंत्रं काढून घेतली, करार मोडला, कंपनी वर्षाच्या आत बंद पडली. दीडशे माणसांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांतल्या काहींचे व्हिसे माझ्यासारखेच होते. त्याच्या आधीच, अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये, आम्ही तिघं भारतात परतलो, पुण्याला. पाच वर्षांनी एका सकाळी मिन्हचा फोन आला, "नवीन काहीतरी करतोय. येतोस? पण आता तपासलेलं कोणी पुढे ढकलायचं नाही." मी गेलो. ती कंपनी चालली, मोठी झाली, आणि आज मी काकांच्याच जागी बसून दुसऱ्यांच्या कंपन्यांत पैसे घालतो. सभांमधून माझी ओळख करून देतात, स्वतःच्या कंपनीतून हाकलला गेलेला आणि तरी पुन्हा उभा राहिलेला माणूस. लोक टाळ्या वाजवतात. त्यांना एवढंच ठाऊक आहे.

त्या दिवशी बारा वाजता मान्युएलनं पिशवीतून एक मोठा गोल पाव काढला. त्याच्या मुलीनं घरी भाजलेला. तो त्यानं हातानं मधोमध मोडला, चीजचा तुकडा ठेवला आणि अर्धा माझ्यापुढे केला. मी नको म्हणालो. तो नुसता हात पुढे करून बसला. मी घेतला. आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना बसून जेवलो. जेवण झाल्यावर त्यानं तिच्या दुसऱ्या हाताला क्रीम लावायला घेतलं. एकदा नर्स येऊन तिची कूस बदलून गेली. तेव्हा तिचं तोंड माझ्याकडे झालं, आणि पुढचे दीड तास ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे डोळे माझ्याकडे होते.

तीनला पाच मिनिटं कमी असताना मुलगी आली. तिशीची, हातात किराणाच्या दोन पिशव्या. मला बघून ती हसली. "बाबा, पाहुणे कोण?"

मान्युएल उठला. त्यानं तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या, खाली ठेवल्या, तिला खुर्चीत बसवलं. त्यांच्या भाषेत दोन-तीन वाक्यं बोलला. तिला काही समजलं नसावं, कारण ती अजून हसतच होती.

मग तो मला म्हणाला, "सांग. आता सांग."

मी फेब्रुवारीपासून सुरुवात केली. दोष सांगितला, मिन्ह सांगितला, मी लिहिलेली ओळ सांगितली, सही सांगितली. मिनिटं सांगितली, सेकंद सांगितले. मी तिच्याकडे बघून बोलत होतो, पण मान्युएल माझ्याकडे बघत नव्हता. माझा एक शब्दही तो ऐकत नव्हता. पलंगाचा कठडा धरून तो नुसता मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होता, डोळे न हलवता. आणि मी सांगत असतानाच, तिच्या चेहऱ्यावरून, त्याला हळूहळू कळत गेलं की त्याचं इंग्रजी कच्चं नव्हतं.